आखूड डायपोल

आखूड डायपोल म्हणजे अर्ध्या तरंगलांबीहून कमी लांबीचा, तरीही ठरलेल्या वारंवारतेला अनुनाद देणारा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेला, दोन सारख्या भुजांचा तारेचा अँटेना. हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, तो बांधतात जागेअभावी. ७.१ मेगाहर्ट्झला पूर्ण डायपोलची तार सुमारे २० मीटर भरते. शहरी सोसायटीच्या गच्चीवर एवढी सरळ रेघ क्वचितच मिळते. युक्ती मात्र जुनी आहे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिख हर्ट्झने १८८७ च्या सुमारास कार्ल्सरूहला वापरलेल्या डायपोलच्या टोकांना जस्ताचे गोळे होते. टोकाची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढली की कमी तारेत भागते. टोकाला जोडलेली तारांची किंवा पत्र्याची टोपी, आजची ‘कपॅसिटी हॅट’, हेच करते.

आखूड तार कपॅसिटरसारखी वागते, त्यावर उतारा कॉइलचा. २ मिमी तारेच्या १० मीटर डायपोलला ७.१ मेगाहर्ट्झवर फीडपॉइंटपाशी (केबल जोडतात तिथे) प्रत्येक भुजेत सुमारे १२ मायक्रोहेन्रीची कॉइल लागते. तीच भुजेच्या मध्यावर नेली तर २४ मायक्रोहेन्री, म्हणजे ४० मिमी पीव्हीसी पाइपवर प्लॅस्टिकसकट २ मिमी जाडीच्या वायरचे, एकमेकांना चिकटून, अदमासे ३५ वेढे.

खरा तोटा प्रारण रोधात होतो; लहरींच्या रूपाने बाहेर पडणारी शक्ती ज्या रोधाने मोजतात तो हा. पूर्ण डायपोलचा मोकळ्या अवकाशातला ७३ ओहम; निम्म्या लांबीला, कॉइल फीडपॉइंटपाशी असता, जेमतेम १३. कॉइलचा क्यू (गुणवत्तांक; जितका जास्त तितका कॉइलमधला ऱ्हास कमी) २०० असेल तर दोन्ही कॉइल मिळून ५ ओहमच्या आसपास खातात आणि सुमारे ३० टक्के शक्ती उष्णतेत जाते. क्यू ५० वर घसरला तर निम्म्याहून जास्त. कॉइल भुजेच्या मध्यावर नेल्यास प्रारण रोध जवळपास दुप्पट होतो. पण कॉइलही मोठी झाल्याने कार्यक्षमता थोडीच सुधारते. फायदा दिसतो तो ५० ओहमच्या केबलशी जुळण्यात.

म्हणून कॉइल गुंडाळण्याआधी टोके वाकवून पाहावीत. डायपोलचा प्रवाह मध्यभागी सर्वाधिक आणि टोकांशी शून्य असतो, त्यामुळे शेवटचे दोन-अडीच मीटर कठड्यावरून खाली सोडले तरी फारसे बिघडत नाही. तिथे व्होल्टेज मात्र सर्वाधिक, तेव्हा टोक कुणाच्या हाताला लागणार नाही असे बांधावे.

कॉइलवाल्या डायपोलचा वारंवारतेचा पट्टा अरुंद असतो; बँडच्या एका टोकाला जुळवला की दुसऱ्या टोकाला एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना किती न जुळलेले आहेत त्याचे माप) चढतो. तार हातभर लांब ठेवून दोन्ही बाजूंनी सारखी छाटत जावे. पावसात कॉइल भिजली की अनुनाद खाली सरकतो. छाटणी कोरड्या दिवशीच करावी.