रोग वाढला, तिथेच औषध सापडलं

१९४७ साली एखाद्या मुलाला तीव्र ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाल्याचं निदान झालं की डॉक्टरांचे हात टेकायचे. बाहेरून रक्त द्यायचं, वेदना कमी करायच्या आणि आईवडिलांच्या मनाची तयारी करायची. मूल काही आठवडे, फार तर काही महिने जगायचं. बोस्टनच्या चिल्ड्रेन्स हॉस्पिटलमध्ये अशी मुलं शेवटी ज्यांच्या टेबलावर यायची, ते डॉक्टर म्हणजे सिडनी फार्बर. ते पॅथॉलॉजिस्ट होते. शवविच्छेदन करायचं, पेशींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, मृत्यूचं कारण लिहायचं, हे त्यांचं रोजचं काम. जिवंत रुग्णाला औषध देणं त्यात बसतच नव्हतं. तरीही ल्युकेमियाच्या मुलांना औषधाने सावरता येतं, हे पहिल्यांदा दाखवून दिलं ते त्यांनीच.

फार्बर यांचा जन्म १९०३ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या बफलो शहरातला. चौदा भावंडांतले ते तिसरे. अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांत ज्यू विद्यार्थ्यांच्या जागांवर तेव्हा मर्यादा असायची, म्हणून डॉक्टरकीचं पहिलं वर्ष त्यांनी जर्मनीत काढलं. तिथे चमकल्यावर हार्वर्डचं दार उघडलं. १९२७ मध्ये पदवी आणि १९२९ पासून चिल्ड्रेन्स हॉस्पिटलची नोकरी. तिथले ते पहिले पूर्णवेळ पॅथॉलॉजिस्ट.

इतक्या आजारांतून त्यांनी ल्युकेमियाच का निवडला? कारण तो मोजता येतो. स्कॅन नसलेल्या त्या काळात पोटातली गाठ वाढली की आटली, हे ठरवणं कठीण होतं. ल्युकेमियात मात्र रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरला, तो रंगवला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की आजार समोर हजर. निरोगी मुलाच्या अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मऊ गरात, तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स अशा सगळ्या तयार होत असतात. ल्युकेमियात पांढऱ्या पेशींची कच्ची, निरुपयोगी पिल्लावळ मज्जाभर माजते आणि बाकीच्यांना जागाच उरत नाही. मूल फिकट पडतं, हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर काळेनिळे डाग उठतात, ताप हटत नाही. औषध लागू पडलं की नाही, हे या कच्च्या पेशी मोजून काही दिवसांत कळणार होतं.

औषधाचा धागा मात्र मुंबईहून आला होता. १९२८ च्या सुमारास लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत येऊन गिरणी कामगार बायकांच्या रक्तक्षयावर काम करू लागली. गरोदरपणात या बायका पांढऱ्याफटक पडायच्या, कित्येक दगावायच्या. त्यांच्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने फुगलेल्या असत. परळच्या हाफकिन संस्थेत विल्स यांनी एकेक जीवनसत्त्व देऊन पाहिलं, गुण येईना. शेवटी माकडांवर आणि मग बायकांवर उपयोगी पडलं ते मार्माइट, म्हणजे यीस्टचा स्वस्तातला अर्क. त्यात काहीतरी होतं, जे रक्तपेशी पिकवत होतं. त्या अनाम घटकाला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून फॉलिक अ‍ॅसिड वेगळं काढण्यात आलं, आणि विल्स यांचा घटक तो हाच, हे उलगडलं. आज गरोदर बाईला दवाखान्यातून फॉलिक अ‍ॅसिडची जी गोळी मिळते, तिची मुळं परळच्या त्या कामात आहेत. विल्स यांचं नाव आपल्याकडे याहून कितीतरी जास्त लोकांना माहीत असायला हवं.

फार्बर यांचा तर्क सरळ होता. फॉलिक अ‍ॅसिडने रक्तक्षयातल्या कच्च्या पेशी पिकतात, तर ल्युकेमियातल्याही पिकतील. न्यूयॉर्कमध्ये उंदरांच्या गाठी फॉलिक अ‍ॅसिडच्या संयुगांनी आक्रसल्याचीही बातमी होती. त्यांनी ही संयुगं मुलांना दिली. झालं ते नेमकं उलटं. काही मुलांच्या मज्जेत कच्च्या पेशी आणखी झपाट्याने वाढताना दिसल्या.

हा प्रसंग वाचताना अंगावर काटा येतो. प्रयोगाआधी आजच्यासारखी लेखी संमती, नीतिसमितीची परवानगी असलं तेव्हा काही नव्हतं. मुलं मरणारच होती, हे खरं. पण म्हणून तो प्रश्न मिटत नाही. फार्बर यांचं मोठेपण मला दिसतं ते यात, की त्यांनी हे अपयश लपवलं नाही की सोडून दिलं नाही. मेलेल्या मुलांच्या मज्जेचे काप त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिले आणि प्रश्न उलटा केला: या पेशी फॉलिक अ‍ॅसिडवर पोसत असतील, तर ते तोडलं तर?

तोडायचं साधन होतं येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे. आंध्रातल्या भीमवरमचे, मद्रासला शिकलेले सुब्बाराव हार्वर्डमधली बरीच वर्षं मागे टाकून लेडर्ली या औषध कंपनीत संशोधनाचे प्रमुख झाले होते. त्यांच्या चमूने फॉलिक अ‍ॅसिड कारखान्यात बनवण्याची रीत बसवली होती, आणि त्या ओघात त्याच्यासारखीच दिसणारी पण कामाची नसलेली संयुगंही तयार केली होती. त्यातलंच एक अ‍ॅमिनोप्टेरिन. पेशीला दुप्पट व्हायचं तर आधी डीएनए दुप्पट करावा लागतो. त्यासाठी फॉलिक अ‍ॅसिड एका विशिष्ट विकराने (एन्झाइमने) वापरण्याजोगं करून घ्यावं लागतं. अ‍ॅमिनोप्टेरिन त्या विकरात जाऊन अडकतं: कुलपात बसते, पण फिरत नाही आणि सहजी निघतही नाही, अशी ही किल्ली. नवा डीएनए बनणं थांबतं. ज्या पेशी सर्वांत घाईने वाढतात, त्यांना सर्वांत आधी फटका बसतो. ल्युकेमियाच्या पेशी त्यातल्याच. तोंडाच्या आतलं अस्तरही त्यातलंच, म्हणून मुलांची तोंडं फोडांनी भरून यायची.

डिसेंबर १९४७ च्या अखेरीस ही इंजेक्शनं सुरू झाली. रुग्णालयातल्या अनेकांना हे पटत नव्हतं. या मुलांना शांतपणे जाऊ द्या, असं त्यांचं म्हणणं. पण पेशींचा आकडा उतरू लागला. सुजलेल्या प्लीहा आणि यकृत आक्रसले. खाटेला खिळलेली मुलं उठून चालू लागली. जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात १६ मुलांची हकिगत होती; त्यातल्या १० जणांना उतार पडला होता. निबंधाच्या शीर्षकातच हा उतार ‘तात्पुरता’ असल्याचं म्हटलं होतं. ‘बरे झाले’ म्हणण्याजोगा पुरावा नाही, हेही लिहिलं होतं. आणि खरंच, काही महिन्यांनी आजार उलटला. मुलं गेली.

पुढच्या कामाला पैसा हवा होता. मे १९४८ मध्ये एका रेडिओ कार्यक्रमात फार्बर यांचा बारा वर्षांचा एक रुग्ण ‘जिमी’ या टोपणनावाने देशाशी बोलला आणि त्याचे आवडते बेसबॉल खेळाडू चक्क त्याच्या खाटेशी आले. लोकांनी २ लाख ३१ हजार डॉलर पाठवले. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘जिमी फंड’च्या इमारतीत फार्बर यांनी उपचारांची एक वेगळी घडी बसवली. डॉक्टर, नर्स, आहारतज्ज्ञ, समाजसेवक सगळे एका छताखाली; कुटुंबाच्या राहण्याखाण्याची आणि खर्चाची काळजी हाही उपचाराचाच भाग. औषधाइतकंच हे कामही मला मोलाचं वाटतं. पुढे मुलांच्या मूत्रपिंडातल्या विल्म्स ट्यूमर या कर्करोगावर त्यांनी अ‍ॅक्टिनोमायसिन डी हे औषध वापरून यश मिळवलं, आणि संशोधनाला सरकारी पैसा मिळावा म्हणून अमेरिकी संसदेसमोर वर्षानुवर्षं बाजू मांडली. मार्च १९७३ मध्ये ते गेले.

एका औषधाने भागत नाही, तीन-चार एकत्र द्यावी लागतात, हे १९६० च्या दशकात इतर संशोधकांनी दाखवलं. आज संपन्न देशांत मुलांमधल्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे (मुलांत सर्वाधिक आढळणारा ल्युकेमियाचा प्रकार) सुमारे ९० टक्के रुग्ण बचावतात. त्यांच्या औषधांत अ‍ॅमिनोप्टेरिनचं भावंड असलेलं मेथोट्रेक्सेट अजूनही आहे. शेवटच्या लांबलचक टप्प्यात ते आठवड्यातून एकदा द्यायचं असतं. सगळा उपचार दोन ते तीन वर्षं चालतो. परळच्याच टाटा मेमोरियल रुग्णालयात देशभरातून मुलं येतात. त्यांच्या आईबापांना एवढा काळ मुंबईत खोली, रोजगार बुडाल्याची भरपाई आणि गावी जायचं भाडं मिळालं नाही, तर उपचार अर्ध्यावर सुटतो, आणि मग हातात असलेलं औषधही त्या मुलाच्या उपयोगी पडत नाही.