‘सृष्टीपूर्वीचा अनंत काळ’: एक खुलासा

ज्यू तत्त्वज्ञानात ईश्वर अनादि मानला आहे, म्हणजे सृष्टी निर्माण करण्याआधी तो अनंत वर्षे नुसता अस्तित्वात होता, असा समज अनेकांच्या लिखाणात वर्षानुवर्षे आढळतो. आणि मग ‘इतका काळ तो काय करीत होता?’ हा प्रश्नही ओघाने येतोच. निदान मध्ययुगीन ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीझ (मृत्यू 1204) याच्यापुरता तरी हा समज चुकीचा आहे.

‘संभ्रमितांचा मार्गदर्शक’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागातील तेराव्या प्रकरणात तो सांगतो, की काळ हा गतीचा गुणधर्म आहे, गती हा हलणाऱ्या वस्तूचा. त्यामुळे वस्तूच नसेल तर काळ कुठून असणार? काळ हीसुद्धा निर्माण झालेली गोष्ट आहे. ‘सृष्टीपूर्वी ईश्वर होता’ या वाक्यातले ‘होता’सुद्धा त्याला खटकते, कारण तो भूतकाळ आपल्या कल्पनेतला आहे. अनादित्व म्हणजे लांबलचक आयुष्य नव्हे, तर काळाचे माप न लागणे.

अर्थात, सगळे ज्यू विचारवंत यावर एकमत होते असे समजणे ही दुसरी चूक ठरेल. 1410 मध्ये आपला ग्रंथ पूर्ण करणाऱ्या हस्दाई क्रेस्कास याने काळाला गतीपासूनच सोडवले. स्थिर वस्तूचाही अवधी मोजता येतो, असे त्याचे म्हणणे होते. शिवाय प्रत्यक्ष अनंत (म्हणजे खरोखर अस्तित्वात असलेले, नुसते कल्पनेतले नव्हे असे अमर्याद) अशक्य आहे, हा ॲरिस्टॉटलचा सिद्धांतही त्याने नाकारला. त्यामुळे सृष्टीपूर्वीच्या काळाविषयी बोलणे त्याच्या चौकटीत मायमोनिडीझच्या चौकटीइतके निरर्थक ठरत नाही.