पहाटे गोठलं तरच दुपारी ठिबकतं

मार्च आला की माझा भाचा मॅसॅच्युसेट्सहून घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकतो. मागच्या अंगणातल्या शुगर मेपलला, म्हणजे ज्याचं पाणी आटवून मेपल सिरप हा पाक करतात त्या झाडाला, मुलांनी भोक पाडलंय, त्यात तोटी ठोकलीय, खाली बादली टांगलीय आणि पाणी टपटप पडतंय. त्याखाली कुणीतरी हमखास लिहितं, "वसंत आला, मुळांतला रस वर चढायला लागला!" वाक्य छान आहे, पण मेपलपुरतं तरी चूक आहे. खरं कारण इतकं भन्नाट आहे की ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

शाळेत आपण शिकलो की जलवाहिन्या मुळांकडून पाणी वर नेतात आणि रसवाहिन्या पानांत तयार झालेली साखर खाली आणतात. पाणी वर ओढलं जातं ते पानांतून होणाऱ्या बाष्पोच्छ्वासामुळे. पण मार्चमध्ये मेपलवर एकही पान नसतं. मग मुळं खालून ढकलत असतील? बर्च नावाच्या झाडात तसं होतं. मेपलमध्ये मात्र खोडाचा तुकडा मुळांपासून तोडून पाण्यात उभा केला, गोठवला आणि वितळवला, तरी त्यातून पाणी गळतं. म्हणजे पंप मुळांत नाही, लाकडातच आहे. आपल्याकडची नीरा इथे लावून पाहू नये. ती रसवाहिन्यांतून येते, हिरव्यागार झावळ्यांनी नुकतीच बनवलेली साखर घेऊन. मेपलचं पाणी जलवाहिन्यांतलं, आणि त्यातली साखर गेल्या उन्हाळ्यातली. ती पिष्टमय पदार्थाच्या रूपात लाकडात साठवलेली असते. थंडीत तिचं सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, होतं आणि ते पाण्यात उतरतं.

आता तो पंप. मेपलच्या लाकडात जलवाहिन्यांच्या आजूबाजूला मृत पेशींचे जाड भिंतींचे तंतू असतात. बऱ्याच झाडांत अशा तंतूंत पाणी असतं. मेपलच्या तंतूंत हवा असते. सगळी गंमत या हवेत आहे. रात्री तापमान शून्याखाली गेलं की तंतूंच्या आतल्या भिंतीवर बर्फाचे कण धरू लागतात. त्यासाठी लागणारं पाणी शेजारच्या वाहिन्यांतून भिंतीपलीकडे ओढलं जातं. बर्फाचा थर वाढतो तशी आतली हवा दाबली जाते. वाहिन्यांतलं पाणी कमी झाल्यामुळे तिथे ओढ निर्माण होते आणि झाड मुळांवाटे जमिनीतलं पाणी वर खेचतं. गंमत बघा, झाड पाणी वर ओढतं ते गारठ्यात, उबेत नाही. शेवटी सगळंच गोठतं आणि हवा बर्फाखाली दाबलेली राहते. सकाळी ऊन आलं की बर्फ वितळतो, दाबलेली हवा पसरते आणि पाण्याला परत वाहिन्यांत ढकलते. दाब बाहेरच्या हवेपेक्षा वाढतो, भोक असेल तिथून पाणी बाहेर पडतं. मिलबर्न आणि ओमॅली या दोन संशोधकांनी १९८४ साली ही कल्पना नीट मांडली.

पण इथे एक अडचण होती. दाबलेली हवा पाण्यात विरघळते. नुसत्या हवेच्या जोरावर पंप चालत असता तर बुडबुडे लवकरच विरघळून दाब संपला असता. प्रत्यक्षात पाणी तासन्‌तास गळतं. उत्तर साखरेत सापडलं. तंतूंच्या भिंतीतून पाणी आरपार जातं, पण सुक्रोजचा रेणू मोठा असल्यामुळे जात नाही. त्यामुळे वाहिन्यांत गोड पाणी आणि तंतूंत जवळपास शुद्ध पाणी अशी वाटणी होते. मग परासरणामुळे, म्हणजे पाणी कमी साखरेकडून जास्त साखरेकडे जातं त्या ओढीमुळे, तंतूंतलं पाणी वाहिन्यांकडे खेचलं जातं आणि तो दाब बुडबुड्यांना पूर्ण विरघळू देत नाही. १९८७ साली जॉन्सन, टायरी आणि डिक्सन या संशोधकांनी खोडाच्या तुकड्यांवर प्रयोग करून दाखवलं की या दाबासाठी सुक्रोज लागतंच. म्हणजे जी साखर आपण चाटून खातो तीच पंपाचा एक भाग आहे! कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या गणितज्ञांनी २०१५ साली याची समीकरणं मांडली. त्यात मी शिरत नाही, तुमचीही सुटका.

थोडक्यात, नुसती थंडी उपयोगाची नाही आणि नुसती ऊबही नाही. रात्री उणे चार-पाच, दुपारी अधिक चार-पाच अंश, असं रोज वर-खाली व्हायला हवं. महाबळेश्वरला मेपल लावून काही होणार नाही.

जाता जाता. आपल्याकडे एखाद्या कडुनिंबातून पांढरा फेसाळ द्रव गळायला लागला की दोन दिवसांत तिथे हार, नारळ आणि दानपेटी येते. खोडाला इजा झाली किंवा संसर्ग झाला की रस बाहेर येतो, तो आंबला की फेसाळतो. देवीचा त्यात काही हात नाही. भाच्याच्या झाडासमोर मात्र अजून कुणी अगरबत्ती लावलेली नाही.

आता भोक कसं पाडतात आणि पाक कसा करतात ते. मेपलचं खोड निदान २५-३० सेंटिमीटर जाड हवं. तेवढं व्हायला साधारण चाळीस वर्षं लागतात. आठ मिलिमीटरचं भोक, चार-पाच सेंटिमीटर खोल, पाणी बाहेर उतरावं म्हणून आत जाताना किंचित वर चढतं. ड्रिलबरोबर येणारा भुसा पांढरट असेल तर जागा चांगली. तपकिरी आला तर तिथे जुन्या भोकाची जखम आहे, थेंबही मिळणार नाही. झाड जखम भरून काढत नाही, तिच्या आजूबाजूचं लाकूड बंद करून टाकतं, आणि हा बंद पट्टा भोकाच्या वर-खाली बराच लांब जातो. म्हणून दरवर्षी जागा बदलायची.

बादलीतलं पाणी चाखलं तर मुलांचा हिरमोड होतो, कारण ते पाण्यासारखंच लागतं. साखर जेमतेम दोन टक्के. किती आटवायचं याचा एक ठोकताळा आहे: ८६ ला साखरेच्या टक्केवारीने भागा. म्हणजे एक लिटर पाकासाठी ४३ लिटर पाणी. उसाच्या रसात १६ ते २० टक्के साखर असते, त्यामुळे काकवीला पाच-सहा लिटरांत भागतं. इथे ४२ लिटर पाणी वाफ करून उडवायचं आहे. तापवणं आणि उकळणं धरून सुमारे ११० मेगाज्यूल, म्हणजे विजेची तीस युनिटं. निम्मी उष्णता वाया जाते असं धरलं तर आपला १४.२ किलोचा सिलिंडर तीन लिटर पाकात संपेल. म्हणूनच तिकडचे लोक अंगणात विटांची चूल मांडून लाकडं जाळतात. शिवाय एवढी वाफ स्वयंपाकघरात सोडली तर भिंतीवरचा कागद सुटून येतो. एक युक्ती मात्र झकास आहे: सकाळी बादलीवर बर्फ धरला असेल तर तो काढून फेकायचा. बर्फात साखर फारशी जात नाही, खाली राहिलेलं पाणी जास्त गोड. झाड रात्री जे करतं तेच.

पाक उतू जायला लागला की लोण्याचा एक कण टाकायचा, फेस बसतो. पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा चार अंश वर पोचला की झाला तयार. मग गरम असतानाच जाड कापडातून गाळायचा, नाहीतर तळाशी कचकच राहते. ती कॅल्शियम मॅलेट या क्षाराची.

बाजारात या पाण्याच्या बाटल्या 'मेपल वॉटर' म्हणून औषधी गुणांच्या यादीसह विकतात, आणि पाक "नैसर्गिक, मधुमेहींना चालतो" असं सांगणारे व्हिडिओही फिरतात. पाकात दोन-तृतीयांश साखर असते, तीही बहुतेक सुक्रोज. चव अप्रतिम आहे, साखर साखरच आहे.

कळ्या फुगायला लागल्या की पाकाला उग्र, नकोशी चव येते, तेव्हा थांबायचं. तोट्या उपटून भोकं तशीच उघडी ठेवायची. बूच, मेण, माती काही भरायचं नाही; पुढचं झाड बघून घेतं.