डोलत्या पायाच्या बहुमजली इमारती

डोलता पाया : भूकंपाच्या वेळी इमारतीची भिंत किंवा चौकट पायथ्याशी किंचित उचलली जावी आणि पुन्हा नेमकी जागेवर टेकावी, अशा हेतूने केलेली रचना. नेहमीच्या काँक्रीट इमारतीत खांबांच्या आणि भिंतींच्या सळया पायात घट्ट रुतवलेल्या असतात. मोठ्या भूकंपात या सळया ताणल्या जातात, भोवतालचे काँक्रीट फुटते आणि हादऱ्याची ऊर्जा त्यात खर्ची पडते. नीट बांधलेली इमारत सहसा कोसळत नाही, पण पुष्कळदा कलून राहते. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहरात २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात १८५ माणसे दगावली, आणि जागेवर उभ्या राहिलेल्या अनेक बहुमजली इमारतीही नंतर पाडाव्या लागल्या. डोलत्या पायाची रचना हे दुसरे नुकसान टाळण्यासाठी आहे.

तिचे तत्त्व घरातल्या लोखंडी कपाटावरून समजते. कपाट वरून ढकलले की त्याची एक बाजू जमिनीवरून उचलली जाते. हात काढला की ते स्वतःच्या वजनाने परत बसते आणि टेकताना आतली भांडी खणखणतात. एकदा कड उचलली गेली की पुढे वाकवायला जास्त जोर लागत नाही. म्हणजेच कपाटाला उलथवू पाहणारे परिबल (फिरवणारा जोर) त्याचे वजन आणि निम्मी रुंदी यांच्या गुणाकारापलीकडे जात नाही. पाया उचलला जाऊ दिल्याने इमारतीवरील परिबलालाही पायथ्याशी अशीच मर्यादा पडते. अमेरिकी अभियंते जॉर्ज हाउझनर यांनी १९६३ मध्ये या हालचालीचे गणित मांडले. त्याला निमित्त होते एका निरीक्षणाचे : मे १९६० च्या चिलीतील भूकंपात वर जड डोके असलेल्या काही उंच पाणीटाक्या तगल्या होत्या, तर दिसायला अधिक स्थिर असलेली बांधकामे मोडली होती. उंची-रुंदीचे प्रमाण सारखेच असलेल्या दोन ठोकळ्यांपैकी मोठा ठोकळा उलथवणे अधिक कठीण असते, हे त्यांनी दाखवून दिले. न्यूझीलंडमधील साउथ रंगिटिकेई रेल्वेपुलाच्या उंच खांबांचे पाय आळीपाळीने उचलले जातील अशी योजना करण्यात आली. हा पूल १९८१ मध्ये सुरू झाला.

नुसते डोलणे मात्र पुरत नाही, कारण आपटण्यात फारशी ऊर्जा खर्च होत नाही. म्हणून भिंतीतून उभ्या पोलादी केबल ओवून त्यांना ताण देतात आणि पायथ्याच्या सांध्याजवळ पोलादी दांडे किंवा डँपर (हालचालीची ऊर्जा शोषणारी साधने) बसवतात. केबल भिंतीला परत खेचून सरळ करते, तर दांडे वाकून ऊर्जा पितात. केबलच्या नळीत सिमेंट भरत नाहीत, यामागे कारण आहे. समजा ३० मीटर उंच भिंतीच्या पायथ्याशी, केबलजवळ ३० मिलिमीटर फट पडली, तर मोकळ्या केबलची लांबी हजारात एका भागानेच वाढते आणि पोलाद लवचिक अवस्थेत राहते. तीच केबल सिमेंटने चिकटवली, तर सगळा ताण फटीजवळच्या थोड्या लांबीवर एकवटतो आणि ती कायमची लांबते. भिंतीचे टोक जेथे पायावर दाबले जाते, तेथे काँक्रीट चुरडू नये म्हणून पोलादी पत्रा बसवतात.

बहुमजली इमारत कपाटाहून खरी वेगळी ठरते ती उच्च कंपनप्रकारांमुळे, म्हणजे मुख्य डोलण्याबरोबर होणाऱ्या अधिक जलद, नागमोडी हालचालींमुळे, आणि या विषयातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच म्हणावा लागेल. कपाट अखंड कलते. इमारत कलतानाच मधल्या उंचीवर लवतेही. दुसऱ्या कंपनप्रकारात वरचे मजले एका दिशेला आणि मधले मजले उलट दिशेला जातात. त्यांच्या बलांचा पायथ्याच्या परिबलावरील परिणाम बराचसा परस्परांना खोडून काढतो, त्यामुळे पायथ्याचा सांधा उघडूनही मधल्या मजल्यांवरील परिबल आणि कर्तनबल (भिंतीला आडवे कापू पाहणारे बल) वाढतच राहते. केवळ पायथ्याचे परिबल पाहून वरच्या भिंतीची सळई ठरवली, तर भिंत मध्येच तडकू शकते. यावर एक उपाय म्हणजे वरचा भाग पुरेसा बळकट करणे. दुसरा उपाय टोरंटो विद्यापीठातील वीब आणि क्रिस्टोपूलोस यांनी सुचवला : उंचीवर आणखी एक डोलता सांधा ठेवणे. आठ मजली पोलादी चौकटीच्या लहान प्रतिकृतीवर शेक टेबलावर (भूकंपासारखे हलवता येणाऱ्या फलाटावर) अशा योजनेची चाचणीही झाली.

स्लॅबचा प्रश्नही तितकाच व्यवहाराचा आहे. भिंत डोलताना तिची एक कड वर जाते, आणि स्लॅब तिला पक्का बांधलेला असेल तर तोही उचलला जाऊन तडकतो. म्हणून आडवे बल भिंतीकडे पोहोचवणारे, पण वर-खाली सरकू देणारे जोड वापरावे लागतात.

सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९९९ मध्ये पाच मजली प्रीकास्ट (आधी ओतून तयार केलेले काँक्रीटचे भाग जोडून उभारलेल्या) इमारतीची चाचणी झाली आणि २०२३ मध्ये तेथेच डोलत्या लाकडी भिंती असलेली दहा मजली इमारत शेक टेबलावर हलवून पाहण्यात आली. प्रत्यक्ष वापरात वेलिंग्टनमधील ते पुनी हे विद्यार्थी वसतिगृह डोलत्या पोलादी चौकटींवर उभे आहे. क्राइस्टचर्चमधील सदर्न क्रॉस रुग्णालयाच्या एका इमारतीत एका दिशेला ताण दिलेल्या चौकटी आणि दुसऱ्या दिशेला जोडभिंती (एकमेकींना जोडलेल्या भिंती) आहेत; २०१० व २०११ च्या भूकंपांत तिचे किरकोळच नुकसान झाले. अशा इमारतीत भूकंपानंतर पायथ्याच्या सांध्याची, टोकांच्या पत्र्यांची आणि केबलमधील उरलेल्या ताणाची तपासणी करतात, आणि वाकलेले दांडे बाहेरून बसवलेले असतील तर ते काढून नवे लावता येतात.