पडद्याची चौकट हरवली त्याची गोष्ट
३० सप्टेंबर १९५२ च्या रात्री न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरात 'धिस इज सिनेरामा' हा चित्रपट सुरू झाला, तेव्हा पडद्यावर आधी नेहमीचीच चौकट दिसली. लहानशी, चौकोनी, कृष्णधवल. तीत लॉवेल थॉमस हे नामांकित निवेदक चित्रांचा आणि सिनेमाचा इतिहास सांगत होते. बराच वेळ. मग बाजूचे पडदे सरकू लागले, सरकतच राहिले, आणि प्रेक्षक एकदम रोलरकोस्टरच्या पुढच्या डब्यात जाऊन बसले. पोटात गोळा आला तो खुर्चीत बसल्याबसल्या.

सिनेरामाची, म्हणजे तीन प्रोजेक्टरांनी भरायच्या रुंद, वळलेल्या पडद्याची, ही कल्पना फ्रेड वॉलरची. पॅरामाउंट स्टुडिओत ट्रिक फोटोग्राफीचं काम केलेला हा खटपट्या माणूस. वॉटर स्कीचं पेटंटही त्याच्या नावावर होतं. त्याचं म्हणणं साधं होतं. आपण एखाद्या जागी 'आहोत' असं वाटतं ते समोर नीट दिसतं म्हणून नव्हे, तर डोळ्यांच्या कोपऱ्यांत काहीतरी अंधुक हलत असतं म्हणून. ते कोपरे भरले की काम झालं. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी त्यानं ११ प्रोजेक्टरांची जुळणी केली होती. युद्धकाळात तिचाच पाच प्रोजेक्टरांचा अवतार विमानातल्या तोफचींना नेमबाजी शिकवायला वापरला गेला.

रुंद पडदा त्याआधीही येऊन गेला होता. १९२७ मध्ये आबेल गान्सनं 'नेपोलियन'चा शेवट तीन पडदे शेजारी मांडून दाखवला. १९२९ मध्ये फॉक्स स्टुडिओनं ७० मिलिमीटर रुंद फिल्मची ग्रँडर पद्धत आणली. पण थिएटरवाल्यांनी नुकताच बोलपटाच्या यंत्रांवर पैसा ओतला होता, त्यात मंदी आली. नवा पडदा घ्यायला कोण तयार होणार? पुढे घराघरांत टेलिव्हिजन आला, तिकीटखिडकी ओस पडू लागली आणि तयारी आपोआप झाली.

सिनेरामाचा संसार मात्र मोठा खटाटोपाचा. तीन फिल्मांवर एकाच वेळी चित्रीकरण, तीन वेगळ्या खोल्यांतून तीन प्रोजेक्टर, आवाजाचे सात ट्रॅक चौथ्या फिल्मवर. चित्रानं व्यापलेला नजरेचा कोन आडवा १४६ अंश, उभा ५५. वळलेल्या पडद्याच्या एका टोकाचा उजेड दुसऱ्या टोकावर पडून चित्र फिकं होऊ नये म्हणून तो अखंड न ठेवता सुमारे ११०० उभ्या पट्ट्यांचा केला होता. तीन चित्रांच्या सांध्यांवर प्रोजेक्टरमध्ये कंगव्यासारखे दाते थरथरत, म्हणजे कडा विरघळाव्यात. तरी सांधे दिसतच. मग दिग्दर्शक तिथे झाड नाहीतर खांब उभा करायचे. एका चित्रातल्या नटानं शेजारच्या चित्रातल्या नटीकडे पाहिलं तर पडद्यावर नजर भलतीकडेच गेलेली दिसे, त्यामुळे तिच्याकडे न पाहता प्रेमाचे संवाद म्हणायची पाळी. एक फिल्म तुटली की तिघांचा मेळ बिघडे. त्या वेळात प्रेक्षकांना धीर द्यायला लॉवेल थॉमस यांचंच वेगळं रीळ तयार ठेवलेलं असे!

हा पसारा गावोगाव नेणं शक्य नव्हतं. फॉक्सनं फ्रान्सच्या आन्री क्रेतिएंचं जुनं भिंग शोधून काढलं: रुंद दृश्य साध्या ३५ मिलिमीटर फिल्मवर आडवं दाबून बसवायचं आणि प्रोजेक्टरपाशी पुन्हा पसरायचं. हेच सिनेमास्कोप. १९५३ मध्ये 'द रोब' या चित्रपटानं ते बाजारात चाललं. थिएटरला लागायचं ते नवं भिंग आणि नवा पडदा. आवाजाची यंत्रणा वेगळी. १९५५ पासून टॉड-एओ या पद्धतीनं ७० मिलिमीटरच्या एकाच पट्टीवर भव्यता बसवली. सिनेरामाचाही तीन फिल्मांचा सोस १९६३ पर्यंत संपला.

माझ्या मते या स्वस्ताईत वॉलरचा मुद्दा मात्र निसटला. सिनेमास्कोपनं चौकटीचा आकार बदलला, पण मागच्या रांगेतून पाहणाऱ्याला ती चौकटच राहिली, फक्त लांबट. दिग्दर्शकांना मात्र नवं अंगण मिळालं. दोन माणसं दोन टोकांना बसवून मधला अबोला दाखवता येऊ लागला, दर वाक्याला कट मारायची गरज उरली नाही. असे सिनेमे टेलिव्हिजनवर आले की दोन्ही बाजू छाटल्या जायच्या आणि त्या अबोल्यातलं एक माणूस चक्क गायब व्हायचं.

डोळ्यांचे कोपरे भरायचं वॉलरचं काम पुढे आयमॅक्सनं उचललं. १९७० च्या ओसाका प्रदर्शनात ते पहिल्यांदा दिसलं. त्यात ७० मिलिमीटरची फिल्म आडवी धावते आणि एकेक चौकट फिल्मच्या कडेच्या १५ छिद्रांएवढी लांब असते. गंमत अशी की तिच्या रुंदी-उंचीचं प्रमाण १.४३ ला १. वॉलरनं ज्या चौकोनी पडद्याला कंटाळून पडदे बाजूला सरकवले, त्याचं १.३७ ला १ होतं.