गाडी विकणं आणि गाडी नावावरून उतरणं

"गाडी तर मार्चमध्येच विकली, मग हे चलान मला कसं आलं?" हे ऐकून ऐकून कान किटले. आलं, कारण गाडी विकलीत, पण नावावरून उतरवली नाहीत.

विक्री सगळ्यांना कळते. भाव ठरला, पैसे खात्यात आले, चावी दिली, झालं.

घोळ नावबदलाचा. कर्जावरच्या गाडीची भानगड सोडली, तर मोटार वाहन कायद्याच्या लेखी मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. चावी कोणाकडे, पैसे कोणी मोजले, हे तिथे कोणी विचारत नाही. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावलं. 2007 मध्ये विकलेली एक गाडी पुढे हातोहात विकली गेली, 2009 मध्ये तिचा अपघात झाला, विमा नव्हता. नोंदणी अजून पहिल्याच माणसाच्या नावावर होती, म्हणून भरपाईही त्याच्याच गळ्यात पडली.

आणि तो स्टॅम्प पेपर! 'यापुढील सर्व जबाबदारी घेणाऱ्याची' असं नोटरी करून घेतलं की लोक निर्धास्त झोपतात. अहो, तो तुमच्या दोघांतला करार. गाडीखाली आलेल्या तिसऱ्या माणसावर तो बंधनकारक नाही. फार तर उद्या भरपाई भरून झाल्यावर खरेदीदाराशी भांडायला उपयोगी पडेल.

फॉर्म 29 म्हणजे 'गाडी विकली' असं आरटीओला कळवणं. हे काम विकणाऱ्याचं, राज्यातल्या राज्यात मुदत 14 दिवस. फॉर्म 30 हा नाव बदलण्याचा अर्ज. त्यासाठी घेणाऱ्याला 30 दिवस. दोन्हींवर कोऱ्या सह्या ठोकून समोरच्याच्या हातात देणं, ही आपल्याकडची लाडकी पद्धत. तो 'करतो हो, पुढच्या आठवड्यात' म्हणतो आणि गाडी वर्षभर तुमच्या नावाने सिग्नल तोडत फिरते.

फास्टॅग बंद करा, नाहीतर टोल तुमच्या खात्यातून जाईल. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र तुमचाच, तो गाडीबरोबर जात नाही.

मी तर नवीन नावाचं आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) दिसेपर्यंत ठरलेल्या किमतीवर थोडी अनामत ठेवून घेतो आणि नाव बदललं की त्याच दिवशी परत करतो. "विश्वास नाही का?" असं विचारणाऱ्याला मी गाडीच विकत नाही.