हिरडीची साल का निघते

इंदूरला रामबागेत राहणाऱ्या माझ्या आत्याने दोन वर्षं पोह्यांवर जीरावन मसाला घेतला नाही. चिमूटभर लागला तरी हिरड्या पेटायच्या. ब्रश फिरवला की पांढरट पापुद्रा सुटून यायचा, खाली लालभडक ओली हिरडी. दोनदा दात साफ करून झाले, तुरटीच्या गुळण्या झाल्या. हिरडीचा तुकडा तपासावा असं कुणी सुचवलं नाही.

मूळ आजार न शोधता फक्त हिरडीकडे पाहायची ही चूक जुनी आहे. १९३२ मध्ये प्रिन्झ यांनी या अवस्थेला 'डिस्क्वामेटिव्ह जिंजिव्हायटिस' (साल सुटणारा हिरडीदाह) असं नाव दिलं आणि नाव मिळताच तो स्वतंत्र आजार ठरला. चाळिशी उलटलेल्या बायका रुग्णांत जास्त, म्हणून दोष पाळी जाण्यावर गेला. हार्मोनचे उपचारही करून पाहिले. १९६० मध्ये मॅकार्थी आणि श्क्लार यांनी ठामपणे मांडलं की हा आजार नव्हे, वेगवेगळ्या आजारांची हिरडीवर उमटलेली खूण आहे.

ते आजार कोणते? बहुतेकदा लायकेन प्लॅनस, पेम्फिगॉइड किंवा पेम्फिगस. तिन्हींत शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटते. शेवटचे दोन आजार वॉल्टर लीव्हर या त्वचारोगतज्ज्ञाने १९५३ मध्ये एकमेकांपासून वेगळे केले: पेम्फिगसमध्ये पेशी एकमेकींपासून सुटतात, पेम्फिगॉइडमध्ये वरचा अख्खा थर तळापासून उचलला जातो. स्टिरॉइड येण्याआधी पेम्फिगसचा रुग्ण सहसा वाचत नसे. त्याच्या रक्तात स्वतःच्याच पेशींना चिकटणारी प्रतिपिंडं असतात, हे १९६४ मध्ये ब्यूटनर आणि जॉर्डन यांनी चमकणाऱ्या रंगाच्या तंत्राने दाखवलं.

तेच तंत्र आज निदानाला लागतं, आणि इथे बारकावा महत्त्वाचा. तुकडा सोललेल्या जागेचा नव्हे, तिच्या शेजारचा घ्यायचा, कारण सोललेल्या जागी तपासायला वरचा थरच उरलेला नसतो. एक भाग फॉर्मॅलिनमध्ये जातो. दुसरा मात्र प्रतिपिंडं टिकवून ठेवणाऱ्या मिशेलच्या द्रावणात ठेवावा लागतो. फॉर्मॅलिनमध्ये बुडवला की ही तपासणी वाया जाते. दातांवरचं कीट आग वाढवतं, तेव्हा ते काढायला हवंच, पण आजाराचं मूळ तिथे नसतं.

आत्याचा अहवाल म्यूकस मेम्ब्रेन पेम्फिगॉइडचा, म्हणजे तोंड-डोळ्यांच्या ओल्या अस्तरावरच्या पेम्फिगॉइडचा आला. हा आजार डोळ्यांत व्रण पाडून दृष्टीही नेऊ शकतो, म्हणून त्याच आठवड्यात आम्ही तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.